महीनच्या घोड्यांची गोष्ट

पन्नास वर्षांपूर्वी कोलकात्यातील काही तरुणांनी जगावेगळे गाणे म्हणायला सुरुवात केली. त्यावर कुणी बंदी घातली नाही, पण ते फारसे कुणी ऐकूनही घेतले नाही. शेवटी पेटारे बंद करून सगळे आपापल्या पोटापाण्याला लागले. मग वीस वर्षांनी असे काय घडले, की त्याच गाण्यांनी बंगालची एक अख्खी पिढी गाती केली?

२००६ साली 'गँगस्टर' नावाचा हिंदी चित्रपट आला. त्याची कथा आज किती जणांना आठवत असेल कुणास ठाऊक, पण त्यातील 'भीगी भीगी' हे गाणे त्या वर्षी रिक्षांपासून कॉलेजच्या स्नेहसंमेलनांपर्यंत सगळीकडे वाजत होते. संगीतकार होते प्रीतम आणि घोगऱ्या, दुखऱ्या आवाजाचा गायक होता बांगलादेशचा जेम्स. महाराष्ट्रातल्या घराघरांत ते गाणे गुणगुणले गेले. मात्र त्याची चाल मुंबईत जन्मलेली नाही, हे फार थोड्यांना ठाऊक होते.

ती चाल कोलकात्याची. 'पृथिबीटा नाकि छोटो होते होते' हे तिचे मूळ बंगाली गाणे. त्याचा विषय प्रेम किंवा विरह नव्हता. केबल आणि दूरचित्रवाणीच्या खोक्यात शिरून जग दिवाणखान्याएवढे लहान होत चालले आहे, माणसे एकमेकांपासून तुटत चालली आहेत, ही त्या गाण्यातली खंत होती. ते ज्यांच्या नावावर आहे त्या मंडळींचे नाव 'महीनेर घोडागुलि', म्हणजे 'महीनचे घोडे'.

नाव विचित्र आहे खरे. पण या घोड्यांची गोष्ट त्याहून विचित्र आणि फार हृद्य आहे.

गाण्याचे शहर, पण कोणत्या गाण्याचे?

कोलकाता हे गाण्याचे शहर आहे, हे आपण ऐकत आलो आहोत. बंगाली घरात मुलगी सहा-सात वर्षांची झाली की तिच्यापुढे पेटी येते आणि रवींद्रसंगीताची शिकवणी सुरू होते. आपल्याकडे दिवाळीला दिवाळी अंक येतात, तशी तिकडे दुर्गापूजेला नवी गाणी येत. ग्रामोफोन कंपनी पूजेच्या गाण्यांची 'शारद अर्घ्य' नावाची पुस्तिका काढत असे आणि यंदा हेमंतकुमारांनी काय गायिले, संध्या मुखर्जींनी काय गायिले, याची चर्चा घरोघरी चालत असे.

ज्या शहराचे गाण्यावर एवढे प्रेम, ते शहर गाण्याच्या बाबतीत तेवढेच हट्टीही असते. महालयाच्या पहाटे आकाशवाणीवरून लागणारे बीरेंद्रकृष्ण भद्र यांचे 'महिषासुरमर्दिनी' १९३०च्या दशकापासून बंगाली माणसाच्या रक्तात भिनलेले आहे. १९७६ साली आकाशवाणीने त्याच्या जागी नवा कार्यक्रम लावला. संगीत हेमंतकुमारांचे आणि आवाज साक्षात उत्तमकुमारांचा! तरी लोक इतके खवळले की आकाशवाणीला जुन्या कार्यक्रमाकडे परतावे लागले. ज्या माणसाला पाहायला गर्दीने रस्ते बंद पडत, त्या उत्तमकुमारांचीही तेथे डाळ शिजली नाही.

रवींद्रसंगीताचे तर विचारूच नका. त्यात कोणते वाद्य किती वाजवावे, गती किती असावी, यावर विश्वभारतीच्या संगीत मंडळाची करडी नजर असे. देबब्रत बिश्वास हे लाखो लोकांचे लाडके गायक, पण वाद्यांचा वापर जास्त होतो म्हणून त्यांच्याही ध्वनिमुद्रणांवर मंडळाने आक्षेप घेतले. त्या जाचाला कंटाळून या मानी कलावंताने रवींद्रसंगीताचे ध्वनिमुद्रण करणेच सोडून दिले.

याच शहरात आणखी एक जग होते, पार्क स्ट्रीटचे. ट्रिंकाज, मोकॅम्बो, ब्लू फॉक्स अशी तिथली रेस्तराँ दिव्यांनी झगमगत. तेथे संध्याकाळी गिटार, सॅक्सोफोन आणि ड्रम घुमत. वादक बहुतेक अँग्लो-इंडियन किंवा गोव्याचे आणि गाणी सगळी इंग्रजी. उषा अय्यर नावाची तरुणी कांजीवरम साडी नेसून, केसांत गजरा माळून ट्रिंकाजमध्ये इंग्रजी गाणी म्हणत असे. तीच पुढे उषा उत्थुप म्हणून देशभर गाजली.

म्हणजे गिटार होती ती इंग्रजीसाठी आणि बंगालीसाठी पेटी. या दोन जगांमध्ये एक अदृश्य भिंत होती.

नक्षलबारी, तुरुंग आणि गिटार

गौतम चट्टोपाध्याय या भिंतीच्या दोन्ही बाजूंना वावरलेला मुलगा. दक्षिण कोलकात्यातल्या मध्यमवर्गीय घरात तो वाढला. घरात गाण्या-बजावण्याचे वातावरण होते आणि भावांनाही वाद्यांचा नाद. प्रेसिडेन्सी कॉलेजात शरीरक्रियाशास्त्र शिकत असतानाच तो पार्क स्ट्रीटवर अँग्लो-इंडियन मित्रांच्या 'द अर्ज' या बँडमध्ये वाजवू लागला. गिटार आणि सॅक्सोफोन ही त्याची आवडती वाद्ये.

पण तो काळच असा होता की प्रेसिडेन्सीच्या मुलाला नुसते वाजवत बसणे जमण्यासारखे नव्हते. १९६७ साली उत्तर बंगालमधल्या नक्षलबारी गावात शेतकऱ्यांचा उठाव झाला आणि त्याची ठिणगी कोलकात्याच्या महाविद्यालयांत येऊन पडली. हुशार, घरंदाज मुले शिक्षण सोडून खेड्यापाड्यांत निघून गेली. शहरात भिंती घोषणांनी रंगल्या, बॉम्ब फुटू लागले, पोलिसांच्या धरपकडीत आणि गोळीबारात कित्येक घरांतील मुले गेली, ती परत आलीच नाहीत. गौतम या चळवळीत ओढला गेला. पकडला गेला, त्याने तुरुंगवासही भोगला. सुटल्यावर काही काळ त्याला बंगालबाहेर मध्य प्रदेशात राहावे लागले. भोपाळ-जबलपूरकडे तो औषध कंपनीचा प्रतिनिधी म्हणून हिंडत असे.

क्रांतीचे स्वप्न मोडले होते. मित्र दुरावले होते. १९७०च्या दशकाच्या मध्यावर तो कोलकात्यात परतला तेव्हा देशात आणीबाणी होती. अशा वेळी नक्तल्याच्या घरात भाऊ आणि मित्र जमू लागले. प्रदीप ऊर्फ बुला आणि बिश्वनाथ ऊर्फ बिशू हे भाऊ. नात्यातलाच, शब्दांचा भोक्ता असलेला रंजन घोषाल. तापस दास ऊर्फ बापी आणि तपेश बंद्योपाध्याय ऊर्फ भानू हे मित्र. आणि बेहाल्याच्या ऑक्सफर्ड मिशनमध्ये पाश्चात्त्य पद्धतीचे व्हायोलिन शिकलेला अब्राहम मजुमदार.

आपल्याकडे बँड म्हटला की लग्नाच्या वरातीतला लाल डगलेवाल्यांचा बँड डोळ्यांसमोर येतो. तेव्हाच्या कोलकात्यातही याहून वेगळी कल्पना नव्हती. बंगाली भाषेत बँड असू शकतो, हेच लोकांना ठाऊक नव्हते. त्यामुळे या मंडळींना नाव काय घ्यावे हेही कळेना. 'सप्तर्षी' झाले, 'तीरंदाज' झाले. एकदा तर चेष्टेने 'गौतम चट्टोपाध्याय बीएस्सी आणि संप्रदाय' असे भारदस्त नाव घेतले. अखेर रंजन घोषाल यांना कवी जीवनानंद दास यांच्या 'घोडा' या कवितेतले महीनचे घोडे सापडले आणि तेच नाव कायमचे झाले.

या नावातही एक योग होता. जीवनानंद दास आज रवींद्रनाथांनंतरचे बंगालचे फार मोठे कवी मानले जातात. हयातीत मात्र त्यांची उपेक्षाच झाली. नोकऱ्या सुटत गेल्या, टीकाकारांनी हेटाळणी केली. १९५४ साली कोलकात्यात ट्रामच्या धडकेत जखमी होऊन ते गेले. त्यांनी लिहून ठेवलेल्या कितीतरी कथा-कादंबऱ्या पेटीत तशाच पडून होत्या, त्या मृत्यूनंतर लोकांसमोर आल्या. अशा कवीच्या घोड्यांचे नाव घेणाऱ्या तरुणांच्या नशिबीही तेच यावे, हा योगायोग म्हणायचा!

बाऊलाच्या एकतारीला सॅक्सोफोनची जोड

या मंडळींचे गाणे होते तरी कसे? गौतम त्याला 'बाऊल जॅझ' म्हणत असे. बाऊल म्हणजे बंगालमधले भटके गायक. भगवी कफनी, हातात एकतारा, पायात घुंगरू. देव देवळात नाही, माणसाच्या देहातच आहे, असे सांगत ते गावोगाव फिरतात. आपल्याकडच्या वासुदेवाची किंवा नाथपंथी गोसाव्यांची आठवण व्हावी असा हा संप्रदाय. १९६७च्या अखेरीस निघालेल्या बॉब डिलनच्या 'जॉन वेस्ली हार्डिंग' या रेकॉर्डच्या वेष्टनावर डिलनच्या शेजारी पूर्णदास आणि लक्ष्मणदास हे दोन बंगाली बाऊल उभे दिसतात. अमेरिकेच्या लोकगायकाला जे दिसले, ते गौतमलाही आपल्याच मातीत दिसले होते. गाणे म्हणजे रस्त्यावर उभे राहून खरे बोलणे.

म्हणून त्यांच्या गाण्यात बाऊलांचा सूर आला, त्याला गिटार आणि सॅक्सोफोनची जोड मिळाली. मध्येच व्हायोलिन यायचे, मध्येच बासरी. एखादे गाणे पाश्चात्त्य चर्चसंगीताच्या वळणाने जायचे, तर एखादे नदीवरच्या भटियालीसारखे लांब तान घेऊन वाहायचे.

आणि शब्द? बंगाली भावगीतात तोवर चंद्र, बकुळीची फुले आणि वाट पाहणारी प्रिया यांचे राज्य होते. या मंडळींनी गाण्यात शहर आणले, शहरातली बेचैनी आणली. 'हाय भालोबाशी' या गाण्यात गायक आपल्या आवडत्या गोष्टी सांगत जातो. निसर्गापासून परदेशी चित्रकार-संगीतकारांपर्यंत त्याला खूप काही आवडते. पण भोवतालचे दैन्य पाहिले की यातले काहीच गोड लागत नाही, असे तो शेवटी कबूल करतो. एका गाण्यात तर चक्क उडती तबकडी आली!

१९७७ साली त्यांची पहिली तबकडी, म्हणजे गाण्याची, बाजारात आली. तिचे नाव होते 'संबिग्न पाखिकुल ओ कोलकाता बिषयक', म्हणजे 'अस्वस्थ पक्षिकुल आणि कोलकात्याविषयी'. आता या नावाने गाण्याची रेकॉर्ड कोण विकत घेणार? १९७८ साली दुसरी आली, 'अजाना उडंत बस्तु बा अ-उ-ब'. १९७९ साली तिसरी, 'दृश्यमान महीनेर घोडागुलि'. तिन्ही मिळून गाणी दहाच्याही आत. स्टार थिएटर, मॅक्सम्युलर भवन, रवींद्र सदन आणि १९८०चा जॅझ महोत्सव असे त्यांचे मोजके कार्यक्रम झाले.

लोकांची प्रतिक्रिया? काही थोडे विद्यार्थी आणि कवी-चित्रकार खूश झाले. बाकीच्यांना हा प्रकार कळलाच नाही. रवींद्रसंगीतावर पोसलेल्या कानांना ते गाणेच वाटेना, तर पार्क स्ट्रीटच्या शौकिनांना बंगाली शब्द खटकले. भिंतीच्या दोन्ही बाजूंनी दारे बंदच राहिली.

चांगली संस्कृती, वाईट संस्कृती

१९७७च्या जून महिन्यात पश्चिम बंगालमध्ये डाव्या आघाडीचे सरकार आले, ते २०११ पर्यंत टिकले. हे सरकार वाचणाऱ्या, नाटक पाहणाऱ्या, गाणे ऐकणाऱ्या लोकांचे होते. परंतु काय गावे आणि काय गाऊ नये, याविषयी त्यातील काहींची मतेही ठाम होती. १९८०च्या दशकात 'अपसंस्कृती' हा शब्द बंगालमध्ये फार गाजला. पॉप संगीत, डिस्को, गिटारीवरचा धांगडधिंगा हे सारे भांडवलशाहीचे चोचले आणि तरुणांना बिघडवणारे, असा त्याचा अर्थ.

या शब्दाचा फटका उषा उत्थुप यांना बसला. राज्याचे त्या वेळचे सार्वजनिक बांधकाम मंत्री जतीन चक्रवर्ती यांनी त्यांच्या गाण्यावर अपसंस्कृतीचा शिक्का मारला आणि सरकारी सभागृह त्यांना मिळू नये अशी व्यवस्था केली. उषाताई डगमगल्या नाहीत. त्या न्यायालयात गेल्या आणि जिंकल्या.

'महीनेर घोडागुलि'वर मात्र असा कुणी शिक्का मारला नाही, त्यांच्याविरुद्ध फर्मान निघाले नाही. एका अर्थी ते अधिक अवघड होते. बंदी घातली की निदान लोकांना कुतूहल तरी वाटते. दुर्लक्षाविरुद्ध दाद कुठे मागणार?

कोणते गाणे चांगले हे सरकारने ठरवायचे, ही हौस काही डाव्यांपुरती नव्हती. स्वातंत्र्यानंतर दहा वर्षे नभोवाणी खात्याचे मंत्री असलेले बा. वि. केसकर हे मराठीच गृहस्थ, शास्त्रीय संगीताचे मोठे भक्त. त्यांच्या कारकिर्दीत १९५२च्या सुमारास आकाशवाणीवरून हिंदी चित्रपटगीते जवळजवळ हद्दपार झाली. लोकांनी काय केले? रेडिओची सुई रेडिओ सिलोनकडे वळवली आणि 'बिनाका गीतमाला' घरोघरी पोहोचली! अखेर १९५७ साली आकाशवाणीला विविध भारती सुरू करावी लागली.

लेनिनग्राडचे रखवालदार, ओम्स्कची खोली

कोलकात्यात हे चालले होते तेव्हा, ज्या देशाकडे डोळे लावून अनेक डावे बंगाली तरुण वाढले, त्या सोव्हिएत रशियात काय घडत होते? आपल्या पिढीने लोकवाङ्मय गृहाकडून मिळणारी स्वस्त आणि सुबक सोव्हिएत पुस्तके वाचली. तिथल्या लोकांनी राज कपूरची गाणी तोंडपाठ केली. पण तिथली तरुण मुले चोरून काय ऐकत होती, हे त्या पुस्तकांत कुठेच नव्हते.

तेथे रेकॉर्ड काढणारी कंपनी एकच, 'मेलोदिया', आणि ती सरकारी. तिला जे पसंत नाही ते छापलेच जात नसे. त्याच्याही आधी, दुसऱ्या महायुद्धानंतर, तिथल्या उपद्व्यापी लोकांनी नामी युक्ती काढली होती. दवाखान्यातून टाकून दिलेल्या क्ष-किरण फिल्म मिळवायच्या, त्या गोल कापायच्या आणि त्यांच्यावर निषिद्ध गाण्यांच्या रेषा कोरायच्या. उजेडात धरले की कुणाच्या तरी बरगड्या दिसत, म्हणून त्यांना 'हाडांवरचे संगीत' म्हणत. पुढे टेपरेकॉर्डर आले आणि एका टेपवरून दुसऱ्या टेपवर गाणी उतरवण्याची साखळी देशभर पसरली.

१९८१ साली लेनिनग्राडमध्ये रुबिनस्टाइन मार्गावर रॉक क्लब उघडला. सरकारने परवानगी दिली ती उदारपणे नव्हे. सगळी पोरे एका छपराखाली असली की नजर ठेवायला सोपे! गाण्याचे शब्द आधी मंजूर करून घ्यावे लागत. बोरिस ग्रेबेन्शिकोव्हसारखे गायक पोटासाठी रखवालदारी करत. व्हिक्टर त्सोय हा लाखो तरुणांचा आवडता गायक एका बॉयलरखोलीत कोळसा टाकण्याचे काम करत असे. आंद्रेई त्रोपिलो नावाचा ध्वनिमुद्रक मुलांच्या तंत्रछंद केंद्रात शिक्षक होता आणि तिथल्याच यंत्रांवर तो या गायकांची गाणी गुपचूप मुद्रित करत असे.

सगळ्यांत जहाल होते ते पंक संगीत. मुद्दाम कर्कश, मुद्दाम ओबडधोबड, सुरापेक्षा संतापाला महत्त्व देणारे. सायबेरियातल्या ओम्स्क शहरात येगोर लेतोव्ह या विशीतल्या तरुणाने १९८४ साली मित्राबरोबर 'ग्राझ्दान्स्काया ओबोरोना', म्हणजे 'नागरी संरक्षण', हा बँड काढला. पुढच्याच वर्षी त्याला वेड्यांच्या इस्पितळात डांबण्यात आले. तीन महिन्यांनी तो सुटला आणि परत घरच्या खोलीत बसून गाणी मुद्रित करू लागला. कित्येकदा गिटार, ड्रम आणि गाणे सगळे तो एकटाच करी. त्या खरखरत्या टेप हातोहात साऱ्या सोव्हिएत देशात पोहोचल्या.

अधिकाऱ्यांच्या घबराटीला तर सीमाच नव्हती. १९८५च्या जानेवारीत युक्रेनमधील निकोलाएव्ह शहराच्या युवक संघटनेने आक्षेपार्ह परदेशी गायकांची यादी काढली. त्यात प्रत्येकापुढे त्याचा गुन्हा लिहिला होता. गुळगुळीत प्रेमगीते म्हणणाऱ्या स्पॅनिश खुलिओ इग्लेसियासपुढे लिहिले होते, 'नवफॅसिझम'!

कोलकाता आणि ओम्स्क यांची बरोबरी होऊ शकत नाही. नक्तल्याच्या घरात गाण्यासाठी कुणाला इस्पितळात टाकले जात नव्हते. मात्र एक साम्य होते. दोन्हीकडे गाणे जगले ते सभागृहांमुळे किंवा कंपन्यांमुळे नव्हे. ते जगले, कारण कुणीतरी मित्राला म्हणाले, 'हे ऐकून बघ, आणि तुझी टेप दे, उतरवून देतो.'

घोडे विखुरले

१९८१च्या सुमारास महीनचे घोडे विखुरले. भांडण झाले नाही, पण वये वाढली होती, घरची जबाबदारी आली होती आणि या गाण्यावर चूल पेटणे शक्य नव्हते. कुणी बंगळुरूला गेले, कुणी अमेरिकेला. अब्राहम मजुमदार व्हायोलिनच्या शिक्षणासाठी जर्मनीला गेले आणि परतून त्यांनी कोलकात्यात मुलांना पाश्चात्त्य संगीत शिकवायला घेतले. गौतम चट्टोपाध्याय चित्रपटांकडे वळले. भटक्या गारुडी समाजावरील त्यांच्या 'नागमती' या चित्रपटाला १९८३ सालचा सर्वोत्कृष्ट बंगाली चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला.

रेकॉर्डी केव्हाच दुकानांतून दिसेनाशा झाल्या. इथेच ही गोष्ट संपायची. पण एव्हाना घराघरांत टेपरेकॉर्डर आले होते, कोऱ्या कॅसेट स्वस्त झाल्या होते आणि वसतिगृहांतली मुले कुणाच्या तरी काकांकडच्या जुन्या रेकॉर्डवरून ती गाणी उतरवून घेऊ लागली होती. ही गाणी कुणाची, ते लोक कुठे आहेत, जिवंत तरी आहेत का, हे त्या मुलांना ठाऊक नव्हते. गाणी मात्र पाठ होती.

१९९२ साली सुमन चट्टोपाध्याय, म्हणजे आजचे कबीर सुमन, यांची 'तोमाके चाइ' ही ध्वनिफीत आली आणि बंगालमध्ये एकच खळबळ उडाली. गिटार घेऊन एकटा माणूस आपल्या शहराविषयी, आपल्या रोजच्या जगण्याविषयी बंगालीत गात होता आणि या वेळी लोक ऐकत होते. ज्या कानांनी १९७७ साली दारे लावली होती, त्यांच्या मुलांनी ती उघडली.

वीस वर्षांनंतर

१९९५च्या कोलकाता पुस्तक मेळ्यात एक ध्वनिफीत आली. नाव होते 'आबार बछर कुडि परे', म्हणजे 'पुन्हा वीस वर्षांनंतर'. हे शब्दही जीवनानंदांच्याच कवितेची आठवण देणारे. गौतम चट्टोपाध्याय परत आले होते, पण त्यांनी एक वेगळीच गोष्ट केली.

आपली जुनी गाणी नव्याने गाऊन त्यांना टाळ्या घेता आल्या असत्या. त्यांनी तसे केले नाही. त्यांनी गल्लीबोळांतून, महाविद्यालयांतून नव्या मुलांना शोधले, त्यांची गाणी गोळा केली आणि एखाद्या संपादकाने अंक काढावा तशी ती ध्वनिफीत काढली. तिच्यावर छापलेही तसेच, 'महीनेर घोडागुलि संपादित'. त्यानंतरच्या चार-पाच वर्षांत अशा आणखी तीन ध्वनिफिती निघाल्या. आपल्याला जी जागा कुणी दिली नाही, ती या माणसाने पुढच्यांना करून दिली.

मग मात्र बांध फुटला. 'चंद्रबिंदू', 'कॅक्टस', 'फॉसिल्स', 'भूमी' असे बंगाली बँड एकामागून एक गाजू लागले. 'बांग्ला बँड' हा शब्दच रूढ झाला. पूजेच्या मांडवांत, महाविद्यालयांच्या संमेलनांत, पुढे दूरचित्रवाणीवर त्यांची गाणी वाजू लागली. गौतमबाबूंचे चिरंजीव गौरव 'लक्खीछाडा' या बँडमध्ये ड्रम वाजवू लागले. ज्यांना कधी सभागृह भरणे जमले नाही, त्यांना लोक आता 'आद्य बँड' म्हणू लागले.

गौतमबाबूंना या वैभवाची नुसती चाहूल लागली. २० जून १९९९ रोजी हृदयविकाराच्या झटक्याने ते गेले. वय जेमतेम पन्नास. सात वर्षांनी त्यांच्याच प्रेसिडेन्सी कॉलेजात शिकलेल्या आणि पुढे पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये ध्वनिमुद्रणाचे धडे घेतलेल्या प्रीतमने ती चाल मुंबईच्या चित्रपटात आणली. कोलकात्याची चाल, ढाक्याचा गायक, मुंबईचा चित्रपट आणि कान साऱ्या देशाचे. जग लहान होत चालल्याची खंत सांगणारे गाणे असे जगभर गेले.

रंजन घोषाल २०२० साली गेले. तापस ऊर्फ बापी दास यांना कर्करोगाने गाठले तेव्हा त्यांच्या उपचारासाठी चाहते आणि कलावंत धावून आले, निधी जमवण्यासाठी गाण्याचे कार्यक्रम झाले. त्यात गाणारी कित्येक मुले मूळ बँड फुटला तेव्हा जन्मलीही नव्हती. जून २०२३ मध्ये बापीदाही गेले.

आज कोलकात्याच्या कुठल्याही महाविद्यालयात संध्याकाळी पायऱ्यांवर गिटार घेऊन बसलेली मुले दिसली, तर त्यांच्या तोंडी या मंडळींचे एखादे गाणे हमखास असते. घरोघरी मुलांच्या खोलीतून काहीतरी कर्णकटू ऐकू येते आणि 'हे काय गाणे म्हणायचे?' असे म्हणून आईवडील दार लोटून घेतात, हे आपल्याकडेही चालतेच. बहुतेक वेळा त्यांचे म्हणणे खरेही असते. पण १९७७ साली कोलकात्यातल्या फार रसिक, फार जाणत्या लोकांनीही असेच दार लोटून घेतले होते. त्यांच्याच नातवंडांना आज ती गाणी पाठ आहेत.